महाधमनीचे माप कुणाच्या अंगावरून?

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून बाहेर पडणारे सगळे रक्त आधी एकाच मोठ्या नळीत शिरते. या नळीला महाधमनी म्हणतात. ती छातीत वर जाते, छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला लागून खाली पोटात उतरते. हृदयाजवळ तिची रुंदी मोठ्या माणसात साधारण ३ ते ३.५ सेंटिमीटर असते, तर पोटात २ सेंटिमीटरच्या आसपास.

वय वाढते तशी ही नळी थोडी सैल होतेच. पण रक्तदाब वर्षानुवर्षे चढलेला असेल तर तिच्या भिंतीवर दिवसाला लाखभर ठोके जोराने बसतात. सायकलच्या ट्यूबला कमकुवत जागी फुगा येतो, तसा तिलाही येतो. नळी जितकी रुंद, तितका भिंतीवरचा ताण जास्त. शेवटी कधी तरी आतला थर फाटतो आणि रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसते. हृदयाजवळचा भाग असा फाटला तर तातडीने शस्त्रक्रिया हाच उपाय, आणि जाणारा प्रत्येक तास धोका वाढवतो.

मग नळी किती रुंद झाली म्हणजे आधीच शस्त्रक्रिया करून घ्यावी? हृदयाजवळच्या भागासाठी डॉक्टरांनी बरीच वर्षे ५.५ सेंटिमीटर ही रेषा धरली. ही रेषा मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांच्या अनुभवावरून आखलेली आहे. चीनमधल्या डॉक्टरांनी आपल्या लोकांच्या महाधमन्या मोजायला घेतल्या, तेव्हा हा प्रश्न समोर आला. वय, स्त्री की पुरुष, शरीराची ठेवण आणि रक्तदाब यांवर नळीची रुंदी अवलंबून असते. २०२० च्या सरकारी अहवालानुसार चीनमधल्या १८ ते ४४ वयाच्या पुरुषाची सरासरी उंची १६९.७ सेंटिमीटर आहे आणि बाईची १५८. लहान अंगाच्या माणसाची नळी मुळातच लहान. तिला मोठ्या अंगाची फूटपट्टी कशी चालेल?

साधा हिशेब पाहा. नळीच्या गोल तोंडाचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढायचे आणि त्याला उंचीने, म्हणजे मीटरने, भागायचे. उत्तर १० किंवा त्याहून जास्त आले तर शस्त्रक्रियेचा विचार करणे योग्य, असे अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. समजा, दोघांची महाधमनी सारखीच ४.५ सेंटिमीटर रुंद आहे. १८० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषात हे उत्तर ८.८ येते, १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईत १०.६. माप एकच, पण बाई रेषेच्या पलीकडे गेलेली. नुसता ५.५ चा आकडा पाहणारा मात्र दोघांनाही ‘अजून वेळ आहे’ असे सांगेल.

वजनाच्या बाबतीत ही चूक आधीच दुरुस्त झाली आहे. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, त्यात जगभर २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. चीनने आपल्यासाठी २४ आणि २८ या रेषा ठरवल्या. भारतातल्या तज्ज्ञांनी २३ आणि २५ ठरवल्या, कारण आपल्याकडे कमी वजनावरच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात. कमरेच्या घेराची आपली मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८०. वजनाला जो न्याय, तोच धमनीलाही लागला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. टूडी इकोच्या रिपोर्टवर महाधमनीचे माप लिहिलेले असते. त्याच्या शेजारी रुग्णाची उंची आणि वजन लिहिलेले असावे, आणि डॉक्टरांनी दोन्ही एकत्र वाचावे. एवढी अपेक्षा जास्त नाही.

पण फूटपट्टी बदलली म्हणजे काम झाले, असेही नाही. महाधमनी फाटलेल्या रुग्णांची एक आंतरराष्ट्रीय नोंदवही १९९६ पासून ठेवली जाते. हृदयाजवळचा भाग फाटलेल्या रुग्णांपैकी ५९ टक्के जणांची नळी ५.५ सेंटिमीटरपेक्षा कमी रुंद होती, असे तिच्यातून २००७ मध्ये दिसले. फाटताना नळी आणखी फुगते. म्हणजे त्याआधी ती याहूनही अरुंद असणार. याच नोंदवहीतल्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना उच्च रक्तदाब होता. तिथे रुग्णांचे सरासरी वय साठीच्या पुढे आहे, तर चीनमधल्या नोंदींत ते पन्नाशीच्या जरा पुढे. सुमारे दहा वर्षे आधी, घर चालवणारा कमावता माणूस त्यात सापडतो.

चीनमध्ये रक्तदाबाची स्थिती काय होती तेही पाहू. २०१२ ते २०१५ या काळात तिथे साडेचार लाख प्रौढांची पाहणी झाली. दर १०० जणांत २३ जणांना उच्च रक्तदाब निघाला. त्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नव्हते. रक्तदाब आटोक्यात असलेले फक्त १५ टक्के. त्यात जेवणात मीठ आणि सोया सॉस भरपूर, आणि निम्मे पुरुष सिगारेट ओढणारे. धूम्रपानाने पोटातल्या महाधमनीला फुगा येण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

बीजिंगचे शल्यविशारद सुन लीझोंग यांच्या नावाने ओळखली जाणारी महाधमनीची शस्त्रक्रिया तिथे मोठ्या प्रमाणात होते. हे कौशल्य मोठेच. पण जास्त माणसे कशाने वाचतील, याचे उत्तर खेड्यांतून आले. चीनच्या ३२६ गावांत सुमारे ३४ हजार रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्या गावांत गावच्याच डॉक्टरांना, म्हणजे पूर्वीच्या ‘अनवाणी डॉक्टरां’च्या वारसांना, शिकवून तयार केले. ठरलेल्या गोळ्या, घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि नियमित विचारपूस, एवढेच त्यांचे हत्यार. दीड वर्षात तिथल्या ५७ टक्के रुग्णांचा रक्तदाब १३०/८० च्या खाली आला. बाकीच्या गावांत हे प्रमाण २० टक्केच राहिले. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा हृदयविकार आणि पक्षाघात यांचे प्रमाण या गावांत एक-तृतीयांशाने कमी होते.

दुसरा प्रयोग मिठाचा. ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांपैकी निम्म्यांना पाच वर्षे वेगळे मीठ दिले. त्यात पाऊण भाग नेहमीचे मीठ आणि पाव भाग पोटॅशियमचे. पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी घटले. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल तर असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

म्हणून माझे सांगणे असे. महाधमनीचे नाव ऐकून कुणी घाबरून सीटी स्कॅनला पळू नये. तो खर्चिक आहे आणि प्रत्येकाला गरजेचाही नाही. दंडाला पट्टा बांधून होणारी रक्तदाबाची तपासणी दोन मिनिटांची असते आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने ती वर्षातून एकदा तरी करावी. घरातल्या बायकांनीही करावी, कारण स्वतःची पाळी त्या नेहमी शेवटी लावतात. गोळी सुरू झाली तर ‘आता बरे वाटते’ म्हणून ती बंद करू नये. रक्तदाब दुखत नाही, म्हणूनच तो फसवतो. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चमचाभराच्या, आत ठेवावे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच मोजावे. बिडी आणि तंबाखू सोडावी. घरात कुणाची महाधमनी फाटली असेल किंवा कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. त्या घरातल्यांनी इको करून घेणे योग्य.

आणि एक लक्षण सगळ्यांनी ध्यानात ठेवावे. छातीत किंवा दोन खांद्यांच्या मध्ये पाठीत, काही फाटल्यासारखी, एकदम जोराची कळ आली तर ती गॅस समजून सोडा पीत बसू नये. थेट मोठ्या रुग्णालयात जावे आणि कळ कुठे, केव्हा, कशी आली ते नीट सांगावे. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतात. फाटलेल्या महाधमनीत तेच जीवघेणे ठरू शकते. दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून घ्यायला सांगावे, कारण त्यात मोठा फरक निघाला तर तो या आजाराची खूण असू शकतो.

धमनीचे योग्य माप ठरवणे हे तज्ज्ञांचे काम, आणि ते आपल्या अंगाचा विचार करून व्हावे असा आग्रह आपण धरलाच पाहिजे. रक्तदाबाचा आकडा मात्र आपल्या हातात आहे. तो घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवा.