पेटी, पियानो आणि साहेबाचा निवाडा

‘पेटी हे साथीचे वाद्य आहे’ असे म्हणून विषय संपविणारी मंडळी आपल्या सीमाभागातील प्रत्येक संगीतमंडळात भेटतात. त्यांचा स्वर भांडणाचा नसतो. सूर्य पूर्वेस उगवतो हे सांगावे, तितक्या निर्विकारपणे ते हे सांगतात. चिकोडी, निपाणी, बेळगाव, कोठल्याही गावच्या वार्षिक संगीतसभेची पत्रिका हाती घ्यावी. गायकाचे नाव ठळक, त्याखाली तबलावादक आणि पेटीवादकाचे नाव ‘साथसंगत’ या शब्दाच्या आश्रयाने अखेरीस. मुख्य कलावंताची गाडी वाटेत खोळंबली, तर मात्र याच वादकाला ‘तोवर काहीतरी वाजवा’ अशी विनंती होते आणि त्याला पंधरा मिनिटे मिळतात. आमची तक्रार या पंधरा मिनिटांविषयी आहे.

हा निवाडा आपल्या रसिकांनी स्वतःच्या कानांनी केलेला नाही, असे आमचे मत आहे. तो पुष्कळसा वरून आला. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या केंद्रांवर बंदी केली. रवींद्रनाथांसारख्या थोरांचाही कौल पेटीच्या विरोधातच होता. पण या बंदीसाठी तात्त्विक दारूगोळा ज्याने पुरविला तो होता जॉन फोल्ड्स, दिल्ली केंद्राच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचा इंग्रज प्रमुख. १९३८ मध्ये त्याने रेडिओच्या इंग्रजी पाक्षिकात पेटीवर हल्ला चढविला. तिचे बारा स्वर समान अंतरांवर ठोकून बसविलेले, त्यांत श्रुती नाहीत, मींड नाही, म्हणून ती भारतीय संगीताला अपायकारक, असा त्याचा मुद्दा. बंदी प्रत्यक्षात आली तेव्हा तो हयात नव्हता; १९३९ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यास पटकीने त्याचा अंत झाला होता.

आता याच फोल्ड्सचे दुसरे रूप वाचकांनी पाहावे. रेडिओतला हा अधिकारी मुळात संगीतकार होता आणि हिंदुस्थानात येण्यापूर्वी, १९२९ च्या सुमारास, त्याने पियानो व वाद्यवृंद यांच्यासाठी एक मोठी रचना पूर्ण केली होती. नाव ‘डायनॅमिक ट्रिप्टिक’. ट्रिप्टिक म्हणजे तीन फलकांचे जोडचित्र. पियानो पुढे आणि सारा वाद्यवृंद त्याच्याशी कधी संवाद, कधी झुंज मांडतो, या रचनाप्रकाराला तिकडे कॉन्चेर्टो म्हणतात. फोल्ड्सचा हा कॉन्चेर्टो तीन भागांचा आहे: पहिला मेळाचा, दुसरा नादरंगाचा, तिसरा लयीचा. यांतला पहिला भाग एकाच सात स्वरांच्या मेळावर उभा केलेला आहे. फोल्ड्सची पत्नी मॉड मॅकार्थी ही हिंदुस्थानी संगीताची अभ्यासक. कर्नाटक पद्धतीतील ७२ मेळकर्त्यांचा त्या घरात अभ्यास होता आणि फोल्ड्सच्या मेळविचारावर त्याची स्पष्ट छाया आहे. म्हणजे ज्या परंपरेचे नाव घेऊन पेटीला बाहेर काढले, तिच्याच विचारातून त्याने पियानोवर इमारत रचली. आणि पियानो म्हणजे काय? समान अंतरांचे बारा स्वर, श्रुती नाहीत, मींड नाही. पेटीचा भाता जोर कमीजास्त करून स्वर फुलवू शकतो. पियानोचा स्वर तर आघातानंतर विरतच जातो.

ही रचना सुंदर आहे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण साहेबाला खिजविण्यासाठी त्याचे उत्तम काम हिणवणे हा हलकेपणा होईल. पहिल्या भागात पियानो त्या सात स्वरांतून थांबत नाही, वळत नाही, नुसता उसळतो. दुसरा भाग याउलट रात्रीसारखा. त्यात तंतुवाद्ये अर्ध्या स्वराच्याही निम्म्या अंतराने सरकतात आणि पियानो आपल्या अचल स्वरांनिशी मधोमध बसून राहतो. पियानोला जे जमत नाही ते शेजारचे वाद्य करते, आणि ऐकणाऱ्याला मात्र पियानोच सरकल्याचा भास होतो. या भासासाठीच आम्ही तो भाग पुनःपुन्हा ऐकतो. १९३१ साली एडिंबरास डोनाल्ड टोव्हीच्या वाद्यवृंदासह फ्रँक मेरिक याने तो प्रथम वाजविला, आणि पुढे अर्धशतकभर त्याची फारशी कोणी आठवण काढली नाही. १९८० च्या दशकात हॉवर्ड शेली याने व्हर्नन हँडलीच्या संचालनाखाली तो ध्वनिमुद्रित केला, त्यानंतर पुष्कळ वर्षांनी पीटर डोनोहो याने. शेलीचे वादन नितळ, रेषा न रेषा दाखविणारे. डोनोहो अधिक दणकट. आम्हाला शेली भावतो. परंतु मुद्दा असा की, या वादकांनी ‘हे कोणी वाजवीत नाही, तेव्हा ते दुय्यमच असणार’ असा हिशेब केला नाही.

कोणी म्हणेल, फोल्ड्स पियानोवर राग वाजवीत नव्हता. मेळ घेणे निराळे आणि राग मांडणे निराळे. आक्षेप रास्त आहे. पेटीवरचे दोषही खोटे नाहीत. समान अंतरांच्या सुरावटीत शुद्ध गंधार नैसर्गिक गंधाराहून सुमारे १४ सेंट चढा लागतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका. तंबोऱ्याशेजारी तो टोचतो. हे आपल्या मुलखात साहेबाच्या आधी ठाऊक होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या आसपास बावीस श्रुतींचे गणित मांडले, आणि क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची पेटी विलायतेत घडविली. उद्योग मोठा होता, पण मैफलीत ती पेटी रुजली नाही. आमच्या मते याचे कारण उघड आहे. प्रश्न सुतारकामाने सुटणारा नव्हता. जाणते वादक आपल्या षड्जाप्रमाणे रीड घासून पेटी सुरात लावून घेतात, हे झाले एक. त्याहून मोठी गोष्ट हाताची. एक पट्टी सुटण्यापूर्वी दुसरी दाबावी, कणस्वराचा ओझरता स्पर्श द्यावा, त्याच क्षणी भात्याचा जोर किंचित सोडावा, की जी मींड पेटीत नाही ती ऐकणाऱ्याच्या कानात उमटते. फोल्ड्सने हे काम शेजारच्या तंतुवाद्यांकडून करवून घेतले. आपले वादक ते एकट्या पेटीवर करतात.

हे करणारे हात आपल्याच परिसरात होते. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांना आपण ‘मानापमान’चे संगीतकार म्हणून ओळखतो, भास्करबुवा बखल्यांची गायकी त्यांनी पेटीत उतरविली हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. बेळगावात विठ्ठलराव कोरगावकर होते. गोव्याकडून पी. मधुकर आणि त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर. आणि कागवाडचे, म्हणजे अगदी आपल्या अंगणातले, पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०). रामभाऊंनी गायनाची तालीम वझेबुवांकडे घेतली, बेळगावात विद्यालय चालविले, पिढ्यान्पिढ्या विद्यार्थी घडविले. मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व अशांना त्यांनी साथ केली, आणि आपण त्यांचे मोठेपण याच यादीने मोजतो. हे मोजमापच चुकीचे आहे. एकट्याने राग मांडताना त्यांच्या पेटीत गायकीचा दम आणि तंतुवाद्याची चपळाई एकत्र नांदत. ते ऐश्वर्य साथीला बसल्यावर गायकासाठी आवरून धरावे लागे. कानडी व मराठी दोन्ही घरांनी त्यांना आपले मानले. पेटीच्या बाबतीत तरी या भागात सीमावाद कधी नव्हता.

रेडिओवरील बंदी १९७१ च्या सुमारास सैल झाली, पण ती साथीपुरती. एकलवादनाला दार पुढे कैक दशके बंदच राहिले. या बंदीचा खरा घाव येथे आहे. धारवाड आणि सांगली केंद्रे ऐकत आपल्या दोन पिढ्यांचे कान घडले. त्या कानांवर सतार, सरोद, बासरी यांचे स्वतंत्र वादन तासन्‌तास पडले, पेटीचे पडले नाही. जे प्रसारित झाले नाही ते प्रसारणासाठी मुद्रितही झाले नाही. परिणामी टेंब्यांपासून विजापुऱ्यांपर्यंतच्या एकलवादनाचा, इतर वाद्यांचा आहे तसा, सलग संग्रह उभाच राहिला नाही. एका दुर्लक्षित कॉन्चेर्टोची निदान लिखित स्वरलिपी असते. पन्नास वर्षांनी कोणी शेली ती उघडून वाजवू शकतो. पेटीवरच्या रागविस्ताराची कसली स्वरलिपी? तो वादकाबरोबर जातो.

तेव्हा आमचे मागणे दोन गोष्टींचे आहे. पहिली गोष्ट मंडळांना. येत्या हिवाळ्यातील एक पूर्ण संध्याकाळ पेटीला द्यावी: तंबोरा, तबला, विलंबितापासून द्रुतापर्यंत एक भरघोस राग, मध्यंतरानंतर दुसरा. नाट्यगीताची फर्माईश शेवटी, आणि तीही वादकाची इच्छा असेल तर. पत्रिकेवर त्याचे नाव पहिले छापावे.

दुसरी गोष्ट आपल्या जुन्या घरांना. माडीवर आच्छादन घालून ठेवलेली आजोबांची पायपेटी कित्येकांकडे आहे, आणि तिच्याजवळच्या कपाटात घरगुती बैठकींच्या कॅसेटी. १९७० आणि ८० च्या दशकांत लग्नमुंजीला, गणपतीला कोणीतरी यंत्र लावून ठेवलेले असते. पाठीवर नुसते ‘पेटी, माडीवर’ एवढेच लिहिलेले. रेडिओने जे घेतले नाही ते असलेच तर तेथेच आहे. त्या कॅसेटी या पावसाळ्याआधी बाहेर काढाव्यात. फितीवर बुरशी दिसली किंवा ती चिकटली असेल, तर उत्सुकतेपोटी यंत्रात घालून पाहू नये, तुटते. पाठीवरचे अक्षर कोणाचे, बैठक कोणाच्या घरची, साथीला कोण होते, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून कागदावर लिहून ठेवावे आणि कॅसेट जाणकाराच्या हाती द्यावी.