शाळेचे छप्पर पट मोजून गळत नाही

रोहिणी नक्षत्र लागले की आपल्याकडे एकही घरमालक स्वस्थ बसत नाही. कौले परतून घ्यायची, वांदरांनी फोडलेली बदलायची, पडवीला झडी बांधायची, लाकूडफाटा आत घ्यायचा. ही बेगमी कुणाला शिकवावी लागत नाही. मृगाचा पाऊस कुणाची सबब ऐकत नाही, हे कोकणातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण गावात एक घर असे असते की त्याचा मालक कोण, हेच पावसाळ्यापूर्वी कुणाला आठवत नाही. ते घर म्हणजे आपली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा.

मी शेतीखात्याचा माणूस. शाळा हा याचा विषय कसा, असे कुणी विचारील. पण शेतकऱ्यांची सभा घ्यायची तर ती बहुधा शाळेतच भरते. मतदान शाळेत, लसीकरण शाळेत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले, तशा वेळी लोकांना हलवायचे ठिकाणही बहुतेकदा शाळाच. म्हणजे हे घर साऱ्या गावाचे आहे.

आता ते मोडते कसे ते पाहू. आरोंद्यासारख्या खाडीकाठच्या गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वर खारा वारा. मंगलोरी कौलाचे एक कौल फुटले, तर पहिल्या वर्षी रीप भिजते, दुसऱ्या वर्षी वासा कुजतो. ओल आली की मागोमाग वाळवी येते. मग पाणी भिंतीत उतरते आणि चिऱ्यांमधली माती धुपून जाते. सिमेंटचा स्लॅब असला म्हणून सुटका नाही. खाऱ्या हवेने आतली सळी गंजते, फुगते आणि गिलावा खाली पडतो. सुरुवातीला जे काम पाच-पन्नास कौलांत भागले असते, त्याला चार-पाच वर्षांनी नवे छप्पर लागते. कीड दिसताच फवारणी केली तर पीक वाचते, तशातलाच हा प्रकार आहे.

मग सरकार पैसे देत नाही काय? देते. पण कशाच्या हिशेबाने देते, हे बघण्यासारखे आहे. पूर्वी सर्व शिक्षा अभियानात देखभाल-दुरुस्तीचे वेगळे अनुदान असे आणि ते वर्गखोल्यांवर ठरे. तीन खोल्यांपर्यंत पाच हजार, जास्त असल्यास दहा हजारांपर्यंत. रक्कम थोडी, पण हिशेब बरोबर. पुढे २०१८ मध्ये समग्र शिक्षा आली आणि सगळी अनुदाने एकत्र करून ती पटावर बांधली. २०२१ च्या सुधारित आराखड्यात ३० मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार, ३१ ते १०० पटाला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार असा दर ठरला. त्या दहा हजारांतला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा. उरलेल्या नऊ हजारांत विजेचे बिल, पाणी, खडू-फळा, खेळाचे साहित्य आणि इमारतीची दुरुस्तीसुद्धा! सुताराची आणि गवंड्याची आजची मजुरी ठाऊक असणाऱ्याने यातून छप्पर शिवून दाखवावे.

आपल्या जिल्ह्यात वाड्या दूर दूर, त्यामुळे शाळा लहान. दहा-बारा मुलांच्या शाळेचे छप्पर शंभर मुलांच्या शाळेपेक्षा दहा पटीने लहान नसते. आणि आपले म्हातारे म्हणतात तसे, पावस काय पोरां मोजून पडणा नाय. शाळा गळते म्हणून पालक मुलाला दुसरीकडे घालतात. पट उतरतो. पट उतरला की अनुदान उतरते. अनुदान उतरले की शाळा आणखी गळते. शेवटी कुणीतरी म्हणतो, ‘मुले नाहीत, तर शाळा हवी कशाला?’ हा रोग कुठून सुरू झाला, हे मग कुणी विचारीत नाही.

कमी पटाच्या शाळेवर खर्च का करावा, हा प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही, सरकारी तिजोरीलाही मर्यादा आहेत. परंतु शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या राज्यातल्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. आणि सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे शुद्ध पाणी ही कायद्याच्या परिशिष्टातली अट आहे. तीत पटाची सवलत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. निधीचे आदेश बहुधा मार्चअखेरच्या घाईत निघतात. कागद फिरून कामाला हात लागेपर्यंत पाऊस येऊन ठेपतो. पेरणी झाल्यावर बियाणे पोचले तर शेतकरी आम्हाला सोडील काय? मग शाळेच्या बाबतीत आपण गप्प का? दुरुस्तीचा पैसा डिसेंबरपर्यंत गावात पोचला पाहिजे, म्हणजे जानेवारी ते मे काम होईल आणि जूनच्या मध्यावर मुले कोरड्या वर्गात बसतील.

उशिराची किंमत काय असते, हे आपण पाहिले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीला जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत पावसात कोसळले आणि तीन मुले दगावली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीला सात मुले गेली. दर वेळी अपघातानंतर तपासणीचे आदेश सुटतात. वरातीमागून घोडे ते हेच.

सरकारकडे मागणी सरळ आहे. दुरुस्तीचे अनुदान पटापासून वेगळे करा, खोल्या आणि छपराच्या मापाने द्या, किनारपट्टीला पावसाचा आणि खाऱ्या हवेचा वाढीव दर लावा, आणि ते पावसाळ्याच्या आधी द्या.

पण आपणही हात जोडून बसायचे कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे कायद्याने त्यांचेच काम. त्यात ‘शाळा दुरुस्त करावी’ असे मोघम लिहू नका. किती कौले, किती वासे, कोणत्या खोलीत ओल, हे मोजून लिहा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो कागद मांडा, ठरावात नोंदवा आणि पंचायतीच्या आराखड्यात घाला. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेला राखीव होता. शाळेचा नळ आणि स्वच्छतागृह त्यात बसू शकत होते, पण ज्या पंचायतीने मागितले नाही, तिच्या शाळेला ते मिळाले नाही. मोठ्या दुरुस्तीसाठी जिल्हा नियोजनाकडे प्रस्ताव हवा, आणि खोली धोकादायक असेल तर निर्लेखनाचा अर्ज आधी द्या व तोवर तिथे मुले बसवू नका.

यंदा आपल्या घराची कौले परतायला माणूस शिडीवर चढेल, तेव्हा त्याला अर्धा दिवस शाळेकडेही पाठवा. फुटलेले कौल कुठे आहे, एवढे जरी तो सांगून आला, तरी पुढचा अर्ज नेमका होईल.