डोंगर फुगला की हवा दमट झाली?

नाशिक जिल्ह्यात विहीर खणायला घेतली की मुरुमाखाली काळा पाषाण लागतो. हा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर येऊन थरावर थर पसरलेला लाव्हा. ब्रह्मगिरी, अंजनेरी, साल्हेर त्यातूनच कोरले गेले. आता त्यांत धग उरलेली नाही, तेव्हा काळजी नको. भारतात जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातले निर्मनुष्य बॅरन बेट. पण इटलीत, जावा बेटावर जागत्या ज्वालामुखीच्या उतारावर आपल्यासारखीच माणसे द्राक्षे नि भात पिकवतात. घरदार, गुरेढोरे घेऊन केव्हा निघायचे, हे त्यांना वेळेवर कळायला हवे.

पोटात लाव्हा चढू लागला की डोंगर पुष्कळदा किंचित फुगतो. हे उपग्रहावरच्या रडारने मोजता येते. रेडिओ लहरी सोडायच्या, जमिनीवरून परतल्या की टिपायच्या, काही दिवसांनी पुन्हा तेच करायचे. दोन नोंदी ताडून पाहिल्या की जमीन बोटभर सरकली तरी उमगते. रात्र असो, ढग असोत, या लहरी अडत नाहीत.

अडत नाहीत, पण रेंगाळतात. विहिरीचा तळ पाण्यामुळे वर आल्यासारखा दिसतो ना? तसाच चकवा हवेतली वाफ देते, फक्त उलटा. दमट हवेतून लहर उशिरा परतते आणि जमीन खचल्यासारखी वाटते. १९९७ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की सापेक्ष आर्द्रतेत २० टक्के फरक पडला तर मोजणीत १० सेंटिमीटरची चूक होऊ शकते.

डोंगराची गोष्ट आणखी अवघड. समजा, आपल्या कळसूबाईची पहिली नोंद कोरड्या हवेत घेतली, दुसरी दमट हवेत. वाफ पायथ्यावर जास्त, १६४६ मीटर उंचीच्या माथ्यावर कमी. मग पायथाच अधिक खचलेला दिसणार, म्हणजे डोंगर जागचा न हलता फुगलेला दिसणार!

सिसिलीच्या एटना ज्वालामुखीचे असेच झाले. रडारच्या चित्रांवरून तो खचत असल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्याच संशोधकांपैकी एकाने सहकाऱ्यांसह हवेचा हिशेब घातला, तेव्हा त्यातला काही भाग वाफेचा निघाला. आपलेच गणित पुन्हा तपासणारी माणसे मला फार आवडतात.

मग वाफ वजा कशी करायची? हवामानखात्यांच्या नोंदींवरून त्या दिवशी कुठे किती वाफ होती याचा अंदाज घेतात. डोंगरावर जीपीएसची यंत्रे असली तर त्यांच्याही लहरी वाफेने रेंगाळतात, त्यावरून ताळा पाहतात. उंचीप्रमाणे बदलणारा फरक सरसकट वजा करणे सोपे. पण खरा फुगवटाही माथ्याकडेच जास्त असतो. पाखडताना कोंड्याबरोबर दाणे सुपाबाहेर जावेत तसा खरा इशाराच निघून जायचा! म्हणून पुष्कळ फेऱ्यांची चित्रे एकत्र ताडतात. हवा रोज वेगळी, ती सरासरीत बरीचशी विरते. लाव्ह्याचा रेटा मात्र साचत राहतो.

भारत आणि अमेरिकेने मिळून बनवलेला निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. ७४७ किलोमीटर उंचीवरून तो दर १२ दिवसांनी त्याच वाटेवर परत येतो. बॅरन बेटावरून गेला, की खाली चारी बाजूंना समुद्र आणि वर दमट हवा असते.