ग्वांटानामोची सुनावणी : शिक्का आधी, चौकशी मागाहून

अमेरिकेची तळी उचलणारे शहाणे एकच पालुपद लावतात. ग्वांटानामोतल्या कैद्यांना काही असंच डांबलं नव्हतं, म्हणे. प्रत्येकाची सुनावणी झाली. तीन लष्करी अधिकारी टेबलामागं बसले, कैद्याला बोलू दिलं, निकाल कागदावर लिहिला. आणखी काय पाहिजे?

काय पाहिजे ते सांगतो. पण आधी ही सुनावणी कुठं झाली, कधी झाली आणि का झाली ते नीट बघा.

११ जानेवारी २००२ ला पहिले २० कैदी क्युबातल्या अमेरिकन नाविक तळावर उतरवले. जमीन क्युबाची. १९०३ चा करार. क्रांतीनंतर क्युबाचं सरकार भाड्याचे चेक वटवेना, तरी भाडेकरू हलायला तयार नाही. हीच जागा का? कारण सरकारी वकिलांनी आधीच कागद काढून ठेवला होता की जमीन आपली नाही, तेव्हा आपल्या कोर्टाचा हात बहुधा तिथं पोचणार नाही. म्हणजे वेशीबाहेरची जागा मुद्दाम हुडकली. तिथं काहीही करा, गाव म्हणणार, आमच्या हद्दीत घडलं नाही.

जागा झाली, मग नाव शोधलं. लढाईत सापडला तर माणूस युद्धकैदी. त्याला जिनिव्हा कराराचे हक्क. गुन्हा केला तर आरोपी. त्याला वकील, साक्षीपुरावा, न्यायाधीश. बुश सरकारला दोन्ही नकोत. म्हणून तिसरं नाव : एनिमी कॉम्बॅटंट, शत्रूचा लढवय्या. युद्धकैदी नाही म्हणून करार नाही, आरोपी नाही म्हणून कोर्ट नाही. दोन्ही कायद्यांच्या मधल्या फटीत माणूस ढकलून दिला.

जिनिव्हाच्या तिसऱ्या कराराचं ५ वं कलम सरळ आहे. पकडलेला माणूस कोण याची शंका असेल तर न्यायमंडळ ठरवेपर्यंत त्याला युद्धकैदी म्हणूनच वागवा. हे अमेरिकेला माहीत नव्हतं? १९९१ च्या आखाती युद्धात त्यांच्याच लष्करानं अशी १,१९६ मंडळं बसवली. निकाल काय? ८८६ जण लढवय्ये नव्हतेच, विस्थापित नागरिक होते. चारातले तीन! युद्धाच्या धुळीत कुणीही हाती लागतं, हे लष्कराला पक्कं ठाऊक होतं. २००२ मध्ये मात्र राष्ट्राध्यक्षांनी एका कागदानं सांगून टाकलं की शंकाच नाही.

अडीच वर्षं शंका नव्हती. २८ जून २००४ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टानं रसूल खटल्यात निकाल दिला की या कैद्यांना अमेरिकेच्या कोर्टात दाद मागता येईल. आणि ७ जुलैला, नवव्या दिवशी, संरक्षण खात्याला सुनावणीची आठवण झाली! ही सुनावणी कैद्यासाठी नव्हती. कोर्ट दारात आलं म्हणून घाईघाईनं टांगलेला तो पडदा होता.

आता पडद्यामागचं बघा. कैद्याला वकील नाही. 'वैयक्तिक प्रतिनिधी' म्हणून एक लष्करी अधिकारी, तो वकील नसलेलाच हवा, आणि कैदी त्याच्याशी बोलेल ते गुपित राहणार नाही. सरकारचा पुरावा खराच, असं आधी धरून चालायचं. खोटा असेल तर कैद्यानं दाखवायचं. पण त्यातला बराचसा गुप्त, कैद्याला बघायला मिळणार नाही. सांगोवांगी चालेल. न बघितलेला पुरावा खोटा कसा पाडायचा? ते त्याचं तो बघेल.

अल्जीरियाचा मुस्तफा ऐत इदिर बोस्नियात राहत होता. त्याच्यावर ठपका की अल कायदाच्या एका माणसाशी त्याचे संबंध होते. त्यानं विचारलं, त्या माणसाचं नाव सांगा. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, मला माहीत नाही. तो म्हणाला, नाव कळलं तर मी ओळखतो की नाही हे तरी सांगता येईल. नाव कुणाकडंच नव्हतं. पुढं तर खोलीतले सगळे हसले, अशी नोंद सरकारी कागदातच आहे. हसले, आणि 'शत्रूचा लढवय्या' म्हणून शिक्का मारला.

मुरात कुर्नाझ जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये जन्मला, वाढला. त्याचा दोस्त आत्मघाती हल्लेखोर होता, हा एक आरोप. आत्मघात केलेला हा दोस्त जर्मनीत जिवंत होता! तरी कुर्नाझ २००६ पर्यंत आत.

गार्देझच्या एका अफगाण पोलीस अधिकाऱ्यानं चार साक्षीदार मागितले. जगभर उपग्रह फिरवणाऱ्या सरकारला ते सापडेनात. २००६ मध्ये गार्डियन वर्तमानपत्राच्या वार्ताहरांनी तीन दिवसांत शोध लावला. एक मेला होता. बाकीच्यांतला एक राष्ट्राध्यक्ष करझाईंचा सल्लागार, आणि एक तर वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्याच लष्करी विद्यापीठात शिकवत होता. याला शोध म्हणतात का डोळेझाक?

आणि मुळात हे लोक पकडले कुणी? सरकारच्याच कागदांवरून सेटन हॉल विद्यापीठाच्या मंडळींनी २००६ मध्ये मोजदाद केली. अमेरिकन फौजेनं स्वतः पकडलेले शंभरात पाच. बाकी बहुतेक पाकिस्ताननं नाहीतर उत्तरेच्या आघाडीनं दिलेले. अमेरिकेची विमानं बक्षिसाची पत्रकं टाकत होती. ३६९ जण हवाली केले आणि लाखो डॉलर मिळाले, असं मुशर्रफनं आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. विकत घेतलेला माल खोटा निघाला असं कोणता गिऱ्हाईक जगापुढं कबूल करील?

म्हणून आकडे असे आले : ५५८ सुनावण्या, ५२० शत्रू. सुटले ३८. आणि या ३८ जणांना तरी काय म्हटलं? 'आता शत्रूचे लढवय्ये राहिलेले नाहीत.' शब्द नीट वाचा. आता राहिलेले नाहीत! म्हणजे तेव्हा होते. सोडतानासुद्धा आमचं चुकलं म्हणायचं नाही.

आतल्याच माणसानं हे बिंग फोडलं. लेफ्टनंट कर्नल स्टीफन अब्राहम एका मंडळावर बसले. त्या मंडळाला पुरावा पोकळ दिसला, त्यांनी कैदी शत्रू नाही असा निकाल दिला. वरून हुकूम आला, पुन्हा उघडा. ते बधले नाहीत. पुन्हा कुठल्या मंडळावर त्यांना बसवलंच नाही. २००७ मध्ये त्यांनी हे प्रतिज्ञापत्रावर सांगितलं. १२ जून २००८ ला सुप्रीम कोर्टानं बूमेदिएन खटल्यात ठरवलं की ही असली तपासणी खऱ्या कोर्टाची जागा घेऊ शकत नाही. लखदर बूमेदिएन कोर्टापुढं उभा राहिला, पुरावा टिकला नाही, २००९ मध्ये सुटला. सात वर्षं मातीत घालून.

कुणी म्हणेल, दहशतवाद्यांचा कसला पुळका? ११ सप्टेंबर २००१ ला जवळपास तीन हजार माणसं मारली. ते हत्याकांडच होतं, आणि ज्यांनी केलं त्यांना कोर्टात उभं करायलाच हवं. पण केलं का? कट रचल्याचा आरोप असलेल्यांचा खटला २०२५ च्या मध्यापर्यंतसुद्धा उभा राहिला नव्हता. छळाचे पुरावे दडवत दडवत वर्षं गेली. म्हणजे निरपराध्याला न्याय नाही, आणि मेलेल्यांच्या आईबापांनाही नाही. कायदा गुंडाळून ठेवल्यानं कुणाचं भलं झालं?

आपला काय संबंध, असंही विचारतील. माणसाला आधी नाव चिकटवायचं आणि मग त्या नावाची शिक्षा भोगायला लावायची, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. आणि आजच्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात, १९८० च्या, स्थानबद्ध माणसाला सल्लागार मंडळापुढं वकील उभा करण्याचा हक्क नाही. मंडळ आहे, सुनावणी आहे, वकील नाही. ओळखीचं वाटतंय ना?

'शत्रूचा लढवय्या' हा शब्द २००९ मध्ये ओबामा सरकारनं टाकला. तुरुंग टाकला नाही. वर्षात बंद करू म्हणाले होते. एकूण ७८० च्या आसपास माणसं तिथं डांबली, नऊ तिथंच मेली. जानेवारी २०२५ मध्ये १५ उरले होते. आणि पुढच्याच महिन्यात त्याच तळावर स्थलांतरितांना विमानानं आणून उतरवायला सुरुवात झाली. कायद्याबाहेरची जागा एकदा तयार झाली की ती रिकामी ठेवत नाहीत. कैदी संपले तर नवे शोधतात.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी सुनावणी झाली म्हणालं, की त्याची कॉलर धरून चार प्रश्न विचारा. आरोप सांगितला का? पुरावा दाखवला का? वकील दिला का? निकाल देणारा तुरुंग चालवणाऱ्याच्या हुकमाबाहेरचा होता का? एकाचं जरी उत्तर नाही आलं, तर ती सुनावणी नव्हे. मग ती क्युबात होवो नाहीतर आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगात.