विश्लेषण : झुंजीतच गाडले गेलेले दोन डायनासोर सांगतात, जीवाश्मांचा बाजार का नको!

गोबीच्या वाळवंटात १९७१ मध्ये पोलंड-मंगोलियाच्या संयुक्त मोहिमेला दोन सांगाडे एकमेकांत अडकलेले सापडले. एक शिकारी व्हेलोसिरॅप्टर, दुसरा शाकाहारी प्रोटोसेराटॉप्स.

नेमके काय दिसले?

शिकाऱ्याच्या पायाचे विळ्यासारखे नख भक्ष्याच्या मानेपाशी होते, तर त्याचा उजवा हात भक्ष्याच्या चोचीत अडकलेला होता. सात कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वाळूची टेकडी कोसळून किंवा वादळात दोघे तसेच गाडले गेले असावेत, असे मानले जाते.

‘ज्युरासिक पार्क’मधला रॅप्टर माणसाएवढा होता. खरा व्हेलोसिरॅप्टर जेमतेम टर्की पक्ष्याएवढा. त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या खुणा असल्याचे २००७ मध्ये दाखवून देण्यात आले. समोरचा प्रोटोसेराटॉप्स मेंढीएवढा, म्हणजे शिकार सोपी नव्हतीच.

मग बाजाराला विरोध का?

हेच दोन सांगाडे चोरट्यांनी उकरून वेगवेगळे विकले असते, तर? दोन दिवाणखान्यांत दोन शोभेच्या वस्तू उरल्या असत्या. झुंज मात्र कोणालाच कळली नसती. ही भीती काल्पनिक नाही. मंगोलियातून बेकायदा नेलेल्या टार्बोसॉरसच्या सांगाड्यावर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १० लाख डॉलरहून अधिक बोली लागली. मंगोलियाने दाद मागितली आणि २०१३ मध्ये तो सांगाडा मायदेशी परतला. पण तो कुठल्या थरात, कशाशेजारी, कोणत्या स्थितीत होता, ही माहिती कोणतेही न्यायालय परत आणू शकत नाही.

‘उघड्यावर पडलेली हाडे झिजून जातात, त्यापेक्षा विकलेली बरी,’ असा युक्तिवाद होतो. हाडे वाचवायलाच हवीत, पण जागेची नोंद ठेवून आणि सार्वजनिक संग्रहालयासाठी.

आपल्याशी काय संबंध?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिजदुरा येथे सापडलेल्या डायनासोरच्या विष्ठेच्या जीवाश्मांमधून ते गवत खात होते, हे २००५ मध्ये समोर आले. दिसायला ते निव्वळ दगड. असा दगड कोणी ‘आठवण’ म्हणून खिशात घातला, तर पुरावाही त्याच्यासोबत जातो. त्यामुळे अशा ठिकाणी काही दिसले, तर फोटो काढा, जागा लक्षात ठेवा, तज्ज्ञांना कळवा. उचलू मात्र नका.