समुद्रातील विहिरी

मुलांनो, मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खारा समुद्र आहे. तरी आतील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे आहे. विहीर म्हणजे पृथ्वीच्या पोटातून काही घेणे, असेच आपण समजतो. मुंबई हाय येथे १९७४ साली समुद्रतळाखाली खनिज तेल सापडले, तेव्हा विहिरी खोदल्या त्याही घेण्यासाठीच. जगभर असे इंधन जाळल्याने कार्बन डायऑक्साइड वायू हवेत साठला; त्यातील काही समुद्रात विरघळून पाण्याची आम्लता वाढली. मालवणच्या प्रवाळांनाही ती घातक होय.

नॉर्वेने १९९६ साली हा वायू विहिरीवाटे समुद्रतळाखालील, अभेद्य खडकाचे झाकण असलेल्या वालुकाश्मात कोंडण्यास आरंभ केला. आपणही तसे करावे, असे माझे मत आहे. मात्र ओलाव्यात हा वायू आम्ल बनून पोलाद व सिमेंट झिजवितो. म्हणून जवळपासची प्रत्येक जुनी विहीर आधी पक्की बुजविली पाहिजे आणि पुढे पिढ्यानपिढ्या तिची राखण केली पाहिजे. शिवाय, कोंडण्याची सोय झाली म्हणजे जाळण्याची मुभा मिळाली, असे कोणी समजू नये. केर भरता येतो म्हणून कोणी घरात मुद्दाम केर करतो काय?