तिसरा डोळा नेमका कोणाचा?

मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, हातात पुस्तक द्यायचं, ते त्याने घडाघडा वाचून दाखवलं की पालकांकडून हजारो रुपये घ्यायचे. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ नावाचा हा धंदा महाराष्ट्रात बरीच वर्षं चालला. आज्ञाचक्र जागं होतं, तिसरा डोळा उघडतो, असा दावा. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी तो उघडा पाडला. नाकाशेजारी पट्टीखाली फट राहते, मूल तिथून बघतं. म्हणजे आपण फी भरून पोराला खोटं बोलायला शिकवतो. पैसे गेले तर पुन्हा कमावता येतील, हे कसं निस्तरणार?

आज्ञाचक्र ही तंत्रग्रंथांतली कल्पना. भुवयांमध्ये दोन पाकळ्यांचं कमळ, षट्चक्रांतलं सहावं. इथे गुरूची आज्ञा पोचते, म्हणून ते नाव! कार्ल युंगने 1932 साली झुरिकमध्ये कुंडलिनीवर व्याख्यानं दिली. त्यानेही चक्रांकडे मनाची प्रतीकं म्हणूनच पाहिलं. क्लासवाले पिनियल ग्रंथीचं नाव सांगतात. ती मेलाटोनिन स्रवते, झोपेशी तिचा संबंध. अक्षरं वाचणं तिचं काम नाही.

जोतीराव फुल्यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी त्यात आहे. शेवटी ते नवराबायको रात्रशाळेत शिकायचं ठरवतात. आमचा तिसरा डोळा हा. तो उघडला की जोशालाच प्रश्न विचारता येतो.

परभणीकरांना हे वेगळं सांगायला नको. डिसेंबर 2024 मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर इथे धरपकड झाली. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला. श्वसनाचा आजार होता, असं सरकारने सांगितलं. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण होतं. तो कागद दोन डोळ्यांनीच वाचावा लागला.

तेव्हा जिंतूर, सेलू, गंगाखेडला असा क्लास आला तर पोरांनो, भांडू नका. पट्टी बांधलेल्या मुलाच्या नाकाखालचं पुस्तक उचला आणि कपाळासमोर धरा. डोळा तिथेच आहे म्हणतात ना? चमत्कार दाखवून पैसे उकळण्याविरुद्ध 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याची प्रत सोबत न्या.